अडकलेलं चित्र

ठकीचा हात हवेत तसाच राहिला. मूठ अर्धी मिटलेली, अंगठा बाहेर. अण्णा फोनच्या पडद्याकडे टक लावून बसले. ती मूठ उघडली तर ‘सापडलं’, आवळली तर ‘हरवलं’. पण मूठ उघडेना की आवळेना. मधोमध एक पांढरं चक्र गरगरत राहिलं आणि मग चित्राने एकदम उडी मारली. ठकी सांगायचं ते सांगून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, उत्तराची वाट बघत बसली होती.

“अगं, सापडलं की हरवलं?” अण्णा तोंडानेच ओरडले.

ओरडून काय उपयोग? त्यांची ही धाकटी बहीण जन्मापासून बहिरी. पोर बोलत नाही, नुसती टकामका बघते, म्हणून लहानपणी आळीतल्या कुणीतरी तिला ठकी म्हटलं, लाकडाची बाहुली. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. खरं तर ठकीच्या पोटात सांगण्यासारखं इतकं असायचं की ते कुणाला कळेना म्हणून ती भांडी आपटायची, चावे घ्यायची. घरात सगळ्यांना कामं. तिच्या नादी लागायला वेळ होता तो फक्त अण्णांना. त्या दोघांनी मिळून खुणा बनवल्या. बाबा म्हणजे मिशीला पीळ. आई म्हणजे कपाळावरचा घाम पुसणं. उद्या म्हणजे तळहात पालथा करणं, काल म्हणजे खांद्यावरून मागे फेकणं. अण्णांची खूण आधी ‘फुटका गुडघा’ होती. ते कोटांच्या दुकानात कटिंग मास्तर झाले तेव्हा दोन बोटांची कात्री झाली. बहिऱ्यांची शाळा फार लांब होती, तिथे ठकी कधी गेली नाही. लिहिता-वाचता तिला जेमतेम यायचं. नाव, वार, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, इतपत. बाकी सगळं आयुष्य ती या खुणांमध्येच बोलत आली.

ही भाषा येणारी माणसं आधी चार-पाच तरी होती. आईवडील गेले. अण्णांच्या बायकोने लग्नानंतर हौसेने शिकून घेतली होती, तीही गेली. आता जगात ही भाषा येणारे दोघंच उरले होते, आणि ते दिवसभराच्या बसप्रवासाइतके एकमेकांपासून लांब राहत होते. ठकी ज्या इस्त्रीच्या दुकानात आयुष्यभर काम करत आली, त्याच्याच वरच्या खोलीत भाड्याने राहायची. घरमालकीण खाली. रोज दुपारी चारला भाऊ-बहीण फोनवर समोरासमोर बसायचे. शेजारपाजाऱ्यांनाही ठाऊक होतं की त्या वेळी मास्तरांचं दार वाजवून उपयोग नाही, ते बहिणीशी बोलताहेत.

आणि नेमकं त्याच वेळी, गेले कितीतरी दिवस, नेट रडत होतं.

“सकाळी बघावं तर सुसाट असतं,” अण्णा सुनेला म्हणाले. “बातम्या बघतो, एकदा अडकत नाही. चार वाजले की याला काय होतं देव जाणे. माझ्याशीच वैर आहे याचं.”

सून औषधांच्या दुकानात कामाला होती. सकाळी जायची, दुपार कलता कलता यायची. अण्णांचा मुलगा बोटीवर इंजिनाच्या खोलीत. तो गेला की पाच-सहा महिने तोंड दिसत नसे. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण त्यातले बरेचसे महिने घरात सासरा आणि सून असे दोघंच. दोघंही भिडस्त. ‘चहा ठेवू का?’ ‘ठेव.’ ‘येते मी.’ ‘ये.’ दिवसभराचं बोलणं एवढ्यात आटपायचं. भांडण नव्हतं, अडचण नव्हती. नुसतं दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नसे.

त्या दिवशी मात्र तिने पर्स टेबलावर ठेवली, बाह्या सारल्या आणि म्हणाली, “बघू या. डबा कुठाय?”

नेटचा डबा लोखंडी कपाटाच्या मागे होता. धूळ बसू नये म्हणून अण्णांनी त्याच्यावर कोटाच्या अस्तराचा एक तुकडा नीट शिवून घातला होता.

“अण्णा, याला झबलं शिवलंत होय!”

“मग? मशीन आहे ते. धुळीने खराब होतं.”

“ते गुदमरतंय बिचारं.” तिने झबलं काढलं. डबा पावासारखा गरम झाला होता. तो कपाटामागून काढून टेबलावर, मोकळ्यावर ठेवला. बंद केला, थोडं थांबून चालू केला. हिरवे दिवे एकामागून एक लागले. तिने वेग मोजला आणि मान डोलावली. “आता बघा.”

दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा तेच. ठकीचा चेहरा चौकोनाचौकोनांचा झाला. हात दिसायचा आणि बोटं गायब. कानांनी बोलणाऱ्यांचं बरं असतं, चित्र गोठलं तरी आवाज येत राहतो, निदान ‘हॅलो हॅलो’ करता येतं. इथे बोटं गेली की शब्दच गेला. ठकी काहीतरी सांगून हसली आणि अण्णा नाइलाजाने, काही न कळता, तिच्याबरोबर हसले. फोन ठेवल्यावर त्यांना त्या खोट्या हसण्याची लाज वाटत राहिली.

सुनेने कंपनीला फोन लावला. तिथल्या यंत्राने तिला ‘एक दाबा, दोन दाबा’ करत फिरवलं आणि शेवटी एका माणसाने विचारलं, “तुम्ही बंद करून चालू करून पाहिलंत का?”

“तेच करतोय आठवडाभर,” ती म्हणाली. “आता तुम्हीच एकदा बंद होऊन चालू व्हा.”

अण्णांना ठसकाच लागला. चहा नाकात गेला. अण्णांना तसा जुना खोकला होता, कापडाच्या धुळीत आयुष्य काढलेल्यांना असतो तसा. हसताना तो हमखास उसळायचा. सून घाबरून पाणी घेऊन धावली आणि अण्णा खोकता खोकता हसत राहिले. या घरात बऱ्याच दिवसांत कुणी असं हसलं नव्हतं.

कारण सापडलं ते योगायोगाने. एके दिवशी सून लवकर परतली. अण्णांचा फोन चालू होता, चित्र नेहमीसारखं ठेचकाळत होतं. खोलीत उकडत होतं म्हणून तिने जाता जाता खिडकी सरकवून उघडली. आणि ठकी एकदम वाहत्या पाण्यासारखी हलायला लागली.

“थांब!” अण्णा ओरडले. “काय केलंस?”

“खिडकी उघडली फक्त.”

“लाव बघू.”

तिने खिडकी लावली. ठकी गोठली. उघडली. ठकी हलली. पलीकडून ठकीही विचारायला लागली, ‘काय चाललंय तुमचं?’

सून खिडकीपाशी वाकली. नेटची वायर बाहेरून खिडकीच्या चौकटीतूनच आत आली होती, आणि सरकती काच पूर्ण लागली की ती बरोब्बर तिच्यावर दाबून बसायची. वायर तिथे चपटी होऊन मुडपली होती. दिवसभर खिडकी उघडी असायची, म्हणून नेट ठणठणीत. चार वाजायला आले की अण्णा ती जाड कागद चिकटवलेली काच आठवणीने घट्ट लावायचे, कारण पश्चिमेचं ऊन मागून आलं तर त्यांचे हात काळे दिसतात आणि ठकीला खुणा कळत नाहीत.

“म्हणजे मीच रोज तिचा गळा दाबत होतो,” अण्णा म्हणाले.

“वायरचा,” सून म्हणाली. “आत्यांचा नाही.”

अण्णांनी सगळी हकिकत ठकीला हातांनी सांगितली. मध्ये त्यांना थांबावं लागलं, कारण सुनेसाठी त्यांच्याकडे वेगळी खूण नव्हती. ‘मुलाची बायको’ असं दोन हातांनी लांबण लावून म्हणायचे. ठकीने सगळं ऐकलं, म्हणजे पाहिलं, आणि मग दोन्ही तळहात एकमेकांवर टेकवून एक बाजूला सरकवला. खिडकी. मग बोट सुनेकडे.

“काय म्हणाल्या?” सुनेने विचारलं.

“तुझं नाव ठेवलं,” अण्णा म्हणाले. “खिडकी.”

सून आत स्वयंपाकघरात गेली. तिने ओट्याशी उभी राहून दोन-तीनदा ती खूण करून पाहिली.

नेटवाला आला. त्याने भिंतीला वेगळं भोक पाडून नवी वायर आत घेतली, जुनी कापून टाकली, आणि चित्र काचेसारखं लख्ख झालं. ठकीच्या मागच्या भिंतीवरचा पोपडासुद्धा अण्णांना दिसायला लागला. त्या मुठीचाही उलगडा झाला. ठकीच्या खोलीची किल्ली हरवली होती. पायाशीच पडली होती म्हणे, घरमालकिणीला सापडली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण ठकी म्हणाली, ‘अजून खराब आहे.’

तिची खूण होती डोळ्यांसमोर बोटं लवलवणं, पाण्यातून बघितल्यासारखं. अण्णांनी ‘अंडी’ म्हटलं तर तिला ‘डॉक्टर’ दिसायचं. ‘परवा’ म्हटलं तर ती ‘काल’चं उत्तर द्यायची. अण्णांनी नेटवाल्याला पुन्हा बोलावलं. तो वेग मोजून हात जोडून गेला. सुनेने फोनचा कॅमेरा मऊ फडक्याने पुसला, अण्णांच्या बाजूला दिवा आणून ठेवला, मागे काळी चादर टांगली म्हणजे हात उठून दिसतील. अण्णा इस्त्रीचा पांढरा सदरा बदलून गडद रंगाचा घालून बसू लागले. ठकीचं आपलं एकच, ‘पाण्यात आहेस तू.’

“इकडे सगळं ठीक असेल तर दोष तिकडचा,” सून म्हणाली. “आत्यांचं नेट खराब असणार. तिथे कोण आहे बघायला?”

घरमालकीण होती. ठकीच्या भाषेत तिची खूण म्हणजे चार बोटं आणि अंगठा यांची सतत उघडमीट, चोच चालावी तशी. सुनेने तिला दुसऱ्या फोनवरून गाठलं आणि जरा वर जाऊन बघायला सांगितलं. ती जिना चढतानाच बोलायला लागली होती.

“अहो, माझं नेट आहे ते, काल बसवलेलं नाही, माझा भाचा त्याच्यावर सिनेमे बघतो, एक शब्द अडकत नाही. बघू गं बाई, इकडे कर तो फोन.” ठकीच्या शेजारी तिचा चेहरा पडद्यात घुसला. “हे काय! स्वच्छ दिसताय की! मास्तर, तुमच्या सदऱ्याचं दुसरं बटण लोंबतंय. आणि मागे ती सूनबाई ना? कानातलं छान आहे हो. याहून स्वच्छ काय दिसायचंय आणखी?”

अण्णांनी सदऱ्याकडे पाहिलं. दुसरं बटण लोंबत होतं.

मग त्यांनी ठकीकडे पाहिलं. तिला घरमालकिणीचं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. पण आयुष्यभर चेहरे वाचून जगलेल्या बाईला ऐकू यायची गरज नसते. घरमालकीण भावाच्या बटणाकडे बोट दाखवतेय, भाऊ बटण चाचपतोय, आणि मग तो वर बघून गप्प झालाय, एवढं तिला पुरलं. ती फोनच्या अगदी जवळ बसली होती, नाक टेकेल इतकी. रोज तशीच बसायची. अण्णांना ते प्रेम वाटायचं.

‘डोळे?’ अण्णांनी विचारलं. दोनच बोटं, सावकाश.

ठकीने फोन पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तिने उचलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा माळ्यावरची बॅग काढायला स्टुलावर चढले, तर सून म्हणाली, “उतरा, मी काढते. आणि माझेही चार कपडे घालणार आहे त्यात.”

“तुझी नोकरी?”

“दुकानात सांगून आलेय. आत्या आजारी आहेत म्हणाले.” तिने बॅग खाली ओढली. “माझ्याही आहेत ना त्या.”

ठकीच्या खोलीत भर दुपारी तिन्ही दिवे जळत होते. आत शिरल्या शिरल्या अण्णांच्या लक्षात आलं की सगळं सामान भिंतीकडे सरकवलंय, मधली वाट मोकळी. चहाच्या डब्याला लाल दोरा, साखरेच्या डब्याला गाठ मारलेला दोरा. ठकी दारातल्या सावलीकडे बघत उभी होती. अण्णा जवळ गेले आणि तिच्या नाकासमोर दोन बोटांची कात्री केली. तिने ती कात्री दोन्ही हातांनी धरली आणि सोडलीच नाही.

रडणं-बिडणं झाल्यावर ती बोलली. ‘मला माहीत होतं. तुझी वायर खराब होती तेव्हा मला बरं वाटलं. वाटलं, वायरच असेल. तू दुरुस्त करत होतास, मी म्हणत होते अजून खराब, अजून खराब. तू दुरुस्त करत राहिलास तोवर वायरच होती.’

अण्णांनी हे सुनेला जसंच्या तसं सांगितलं.

ठकी पुढे म्हणाली, ‘कान नाहीत. डोळे गेले तर मी कुठे?’ आणि दोन्ही हात रिकामे पसरले. याला खूण लागत नव्हती.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई मोठ्या शांत होत्या. दिवा मारून, यंत्रातून बघून त्या म्हणाल्या, “मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलाय. इतके दिवस कशा वावरल्या याचंच नवल. घाबरू नका, निघतो तो. डोळ्यांचे मागचे पडदे ठीक वाटताहेत, नीट दिसेल. आधी हा डोळा, महिन्याभराने दुसरा.”

अण्णांनी सुटकेचा श्वास सोडला आणि ठकीला सांगायला वळले. डॉक्टरीणबाईंनी त्यांचे हात चाललेले पाहिले आणि कपाळाला आठी घातली.

“यांना अजिबात ऐकू येत नाही? मग एक अडचण आहे. या ऑपरेशनला भूल फक्त डोळ्यापुरती देतो. माणूस जागा असतो. मी सांगते, समोर बघा, हलू नका. चेहऱ्यावर कापड असतं. यांना मी सांगणार कसं? पूर्ण भूल देता येईल, पण यांच्या हृदयाचे ठोके बघता मला ती टाळायची आहे.”

“मी हात धरून बसतो,” अण्णा लगेच म्हणाले. “हातात सांगीन.”

“हातात सांगता येतं?”

“येईल,” अण्णा म्हणाले, आणि बाहेर आल्यावर सुनेला म्हणाले, “यायला लागेल.”

कारण हातात सांगायची भाषा अजून झालीच नव्हती. त्यांच्या खुणा हवेतल्या, बघायच्या. खांद्यावरून मागे फेकलेला ‘काल’ तळहातावर कसा मावणार? ते तिघं ठकीच्या खोलीत चटईवर बसले. ठकीने डोळे मिटून तळहात पुढे केला. अण्णा एक सुचवायचे, ती नाक मुरडायची, दुसरं सुचवायचे. दोघांचं लहानपण परत आल्यासारखं झालं; भांडणंसुद्धा तशीच. ‘हे गुदगुल्या होतात, दुसरं काढ.’ ‘हे मघाशी वेगळ्या शब्दाला होतं!’ शेवटी ठरलं. तळहातावर पूर्ण हात दाबून धरला की ‘हलू नको’. मधल्या बोटाकडे रेघ म्हणजे ‘वर बघ’. मनगटाकडे रेघ म्हणजे ‘खाली बघ’. अंगठ्याने गोल म्हणजे ‘छान चाललंय’. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सावकाश लांब रेघ म्हणजे ‘संपत आलं’. ठकीला एवढ्याने चैन पडेना. मग पाणी आलं, चहा आला, दुखतंय आलं, आणि बोटाच्या पेरावर दोन टिचक्या म्हणजे अंडं, ते तर उगीचच, कारण ठकीला अंडी आवडायची.

सून बाजूला बसून बघत होती. ठकीने डोळे मिटल्या मिटल्याच हात तिच्याकडे वळवला. ‘खिडकी, तू.’

सुनेची पहिली रेघ इतकी हलकी होती की ठकीला कळलीच नाही. दुसऱ्या दिवशी ती भाजी चिरता चिरता ठकीला हातात वर, खाली, छान सांगत होती आणि ठकी डोळे फिरवून दाखवत होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शेवटची तपासणी झाली आणि तिथेच अण्णांना खोकल्याची उबळ आली. एक संपली, दुसरी आली. डॉक्टरीणबाई ती थांबेपर्यंत थांबल्या.

“हे असं केव्हाही येतं?”

अण्णांनी मान हलवली. खोटं बोलणं त्यांना जमलं नसतं.

“मग तुम्हाला आत घेता येणार नाही, काका. तुमचा हात त्यांच्या हातात असणार. तुम्ही खोकलात की त्या दचकणार, आणि माझं हत्यार त्यांच्या डोळ्यात असणार.”

“मी दाबून धरीन.”

“खोकला दाबता येत असता तर मी हरकत घेतली नसती.”

मग अण्णांनी सुनेकडे पाहिलं.

“अण्णा, मला आठवडाही झाला नाही शिकून. माझं काही चुकलं तर?”

“चुकेल,” अण्णा म्हणाले. “माझं पण चुकतं. ती समजून घेते.”

सकाळी ठकीला हिरवा झगा घालून आत नेलं. पाठोपाठ सून, तसाच झगा, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. जाताना ठकी अण्णांना काहीतरी म्हणाली. अण्णांनी ते सुनेला सांगितलं नाही. ती म्हणाली होती, ‘पोर घाबरलीय, तिला सांग काही होत नाही.’

अण्णा बाहेर बाकावर बसले. शेजारी एक म्हातारबा बायकोची वाट बघत बसले होते; त्यांना गप्पा मारायच्या होत्या, पण अण्णांना सुधरत नव्हतं. त्यांनी आपलाच डावा तळहात उजव्या हाताने घट्ट दाबून धरला होता. हलू नको. हलू नको. मग अंगठ्याने गोल. खोकला आला की ते उठून पार जिन्यापर्यंत जायचे, जणू आत ऐकू जाईल.

दार उघडलं तेव्हा आधी सून आली. मास्क गळ्यात, चेहरा घामाने ओला.

“झालं,” ती म्हणाली. “छान झालं म्हणाल्या. अजिबात हलल्या नाहीत. पण अण्णा, मी एक घोळ केला.”

“काय केलंस?” अण्णा बाकावरून उठले.

“शेवटी शेवटी बाई म्हणाल्या, सांगा त्यांना, संपत आलं. आणि माझी बोटं इतकी घामेजली होती, मला रेघच आठवेना. मी काय दाबलं कोण जाणे, त्यांचे ओठ हलायला लागले कापडाखाली. बाई ओरडल्या, काय झालं, दुखतंय का त्यांना? मी घाबरून पूर्ण हात दाबला, हलू नको, हलू नको. मग थांबल्या.”

चाकाच्या खुर्चीत बसून ठकी आली, एका डोळ्यावर पांढरी पट्टी. अण्णांचा सदरा ओळखून तिने खुर्चीतूनच हात चालवले, आणि ते बघता बघता अण्णा भिंतीला टेकले. हसू आवरेना, खोकला आवरेना.

“काय म्हणताहेत? अण्णा, सांगा ना!”

“म्हणते, सगळं नीट चाललं होतं, आणि एकदम खिडकीने सांगितलं, अंडं. हिला वाटलं, डॉक्टरला डोळ्यात अंडं सापडलं.”

सुनेने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. परिचारिका तिघांकडे वेड्यासारखी बघत राहिली. “हसवू नका पेशंटला,” ती म्हणाली, आणि काय झालं ते कळल्यावर तीही तोंड फिरवून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. डॉक्टरीणबाईंनी कापसाने पापणी पुसली आणि बाजूला झाल्या. ठकीने डोळा उघडला, मिटला, परत उघडला. तिने आधी आपलेच हात पाहिले, पुढून, मागून. मग खिडकीबाहेरचं झाड, मग फरशी, मग अण्णांचा चेहरा. बराच वेळ पाहिला. ‘दाढी नीट कर,’ ती म्हणाली. ‘गळ्याखाली राहते.’

मग तिने सुनेला जवळ ओढलं. लग्नात तिने हिला पाहिली होती ती नटलेली, लांबून. नंतर फोनवर, पाण्यातून. आता तिने हनुवटीला धरून तो चेहरा उजेडाकडे वळवला आणि कापडाची वीण बघावी तसा बघितला. भुवईवरचा व्रण बोटाने चाचपला.

‘हे काय?’

अण्णा सांगायला पुढे झाले, आणि थांबले. त्यांना माहीत नव्हतं. दोन वर्षं एका घरात राहून त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

सूनच बोलली. हात हवेत उचलून, अडखळत, एकेक खूण शोधत. लहान. मी. झाड. वर. पुढचा शब्द तिला येत नव्हता, म्हणून तिने उजवा हात उंचावरून सोडला आणि डाव्या तळहातावर धप्पकन आपटला.

ठकीने ओठ चावून ‘अरेरे’ केलं, मग तो हात पकडून दुरुस्त केला. पडणं म्हणजे असं नाही, असं. मनगट सैल सोड. परत कर बघू.

सुनेने परत केलं. अण्णा स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि झाड कोणतं होतं, किती उंच होतं, खाली कोण उभं होतं, ते सगळं पहिल्यापासून विचारायला लागले.